संध्याकाळचे पाच आणि आमच्या घरचं खाण्याचं बिल

गेल्या वर्षी मे महिन्यात मी एक काम केलं जे लग्नाला सोळा वर्षं होऊनही कधी केलं नव्हतं, महिन्याभरात खाण्यावर नेमके किती पैसे गेले ते बसून लिहून काढलं. कारण साधं होतं, मुलगा नववीत गेला, क्लासची फी भरायची होती आणि नवऱ्याच्या कंपनीत त्या वर्षी पगारवाढ नाही असं कळलं होतं. आम्ही भांडुपला राहतो, घरात पाच माणसं, मी, नवरा, सासूबाई, नववीतला मुलगा आणि पाचवीतली मुलगी. मी करी रोडला ऑफिसला जाते, म्हणजे सकाळी साडेआठला घर सोडलं की संध्याकाळी साडेसात धरा.

तर रविवारी दुपारी जेवणं झाल्यावर यूपीआयची सगळी हिस्ट्री काढली, वाण्याची वही आणली, दूधवाल्याचा कागद, आणि एकेक आकडा डायरीत उतरवला. दोन तास लागले. बेरीज आली २४,३०० रुपये. आणि हे एकदाही मोठ्या हॉटेलात न जाता. मला खरंच घाम फुटला, कारण मी स्वतःला काटकसर करणारी समजत होते, भाजीवाल्याशी पाच रुपयांसाठी घासाघीस करणारी.

मग मी ते सुटं करून लिहिलं. वाणसामान ७,२००. दूध-दही-पनीर ३,९००. भाजी आणि फळं ५,०००. मासे, अंडी, चिकन ३,०००. इथपर्यंत १९,१०० होतात. राहिले ५,२००, आणि हे पैसे कशावर गेले ते मला सांगताच येईना, म्हणून परत एकेक एंट्री बघितली. चिप्स, क्रीमची बिस्किटं, कपातले नूडल्स, फ्रोझन स्माइली, कोल्ड्रिंक, शेव सँडविच, वडापाव, दहा मिनिटांत सामान आणून देणाऱ्या अ‍ॅपवरून मागवलेला ब्रेड आणि त्यासोबत डिलिव्हरी फुकट व्हावी म्हणून टाकलेलं चॉकलेट. आणि वेळा बघितल्या तर काय, ४:५०, ५:१०, ५:३५, ५:१५. जवळजवळ सगळं पाच ते सहाच्या मध्ये.

म्हणजे आमच्या घरचा पैसा डाळीत किंवा भाजीत जात नव्हता, तो दुपारच्या जेवणाच्या आणि रात्रीच्या जेवणाच्या मधल्या वेळात जात होता. मुलं शाळेतून आणि क्लासमधून येतात, पोटात कावळे ओरडत असतात, मी ऑफिसमध्ये, सासूबाईंचे गुडघे दुखतात त्यामुळे त्या पुन्हा ओट्याशी उभ्या राहू शकत नाहीत, मग मुलगा फोन करतो, आई काहीतरी मागव ना, आणि मी काम करता करता एका हाताने ऑर्डर करते. हे फक्त आमच्याच घरी होतं असंही नाही. केंद्र सरकारचा जो घरखर्चाचा सर्व्हे झाला होता, ऑगस्ट २०२२ ते जुलै २०२३ चा, त्यात शहरातल्या घरांच्या एकूण खर्चापैकी साधारण ३९ टक्के खाण्यावर जातात आणि त्या ३९ मधले १० हून जास्त नुसते पेयं, तयार खाणं आणि पॅकबंद पदार्थांवर. खाण्याच्या दर चार रुपयांतला एक रुपया त्यात! मी तो आकडा वाचला आणि माझी डायरी बघितली, ५,२०० भागिले २४,३००, जवळपास तेवढंच.

सासूबाईंना मी हे वाचून दाखवलं. त्या कणकवलीच्या, कमी बोलतात. म्हणाल्या, "अगो, पोरांक पाच वाजता भूक लागतलीच, तेंका तेव्हाच पोटभर दी." बस, एवढंच. मी आधी काय ठरवत होते, तर स्वस्त तेल आणायचं, दूध अर्धा लिटर कमी करायचं, फळं कमी करायची. म्हणजे जे चांगलं आहे तेच कापणार होते आणि जिथे पैसा वाहून जात होता तिथे बघतच नव्हते. हे मला आजही आठवलं की वाईट वाटतं.

तर सगळ्यात आधी पाच वाजताची सोय लावली. भाजणी केली. आमचं प्रमाण सांगते, ज्वारी अर्धा किलो, बाजरी अर्धा किलो, तांदूळ, हरभरा डाळ आणि अख्खे उडीद पाव पाव किलो, मूठभर गहू, एक वाटी धणे, दोन चमचे जिरं. प्रत्येक धान्य वेगळं, मंद आचेवर, खमंग वास येईपर्यंत भाजायचं, घाई केली तर बाहेरून करपतं आणि आत कच्चं राहतं आणि मग थालीपीठ कडवट लागतं. पूर्ण गार झाल्यावर गिरणीत द्यायचं. जवळजवळ दोन किलो पीठ होतं, आमच्याकडे तीन आठवडे पुरतं. सकाळी निघताना मी कांदा, कोथिंबीर, तिखट, मीठ घालून पीठ कालवून फ्रीजमध्ये ठेवते, आणि मुलगा आता स्वतः थालीपीठ थापतो, तव्यावरच, मध्ये भोक पाडून तेल सोडून. पहिल्या आठवड्यात जाड आणि वाकडी व्हायची, आता माझ्यापेक्षा पातळ थापतो. त्याच्याबरोबर घरचं दही. पाच वाजता दोन थालीपिठं खाल्ली की आठपर्यंत पोरगा काही मागत नाही.

रोज थालीपीठ नाही, कंटाळतील. भडंगाचा डबा भरलेला असतो, चुरमुरे, शेंगदाणे, लसूण, कढीपत्ता, मेतकूट घालून, शंभर रुपयांच्या आत मोठा डबा होतो. दडपे पोहे, त्यांना गॅसच लागत नाही, म्हणून मुलगी करते. शेंगदाणे-गूळ. उकडलेली अंडी. केळी. शनिवारी मात्र वडापाव आणायचाच, नाक्यावरचा, गरम, त्यात मी काही बोलत नाही. घरात सगळंच बंद केलं की मुलं बाहेर लपून खातात हे मी माझ्या माहेरी बघितलंय.

अ‍ॅप फोनमधून काढलं नाही, पण नियम केला की पेमेंट फक्त नवऱ्याच्या फोनवरून आणि ऑर्डर करण्याआधी मला किंवा सासूबाईंना सांगायचं. एवढ्या एका अडथळ्यानेच अर्ध्या ऑर्डरी गेल्या. त्या अ‍ॅपवरच्या वस्तू महाग असतात असं नाही, कधीकधी वाण्यापेक्षा स्वस्तच असतात, पण हँडलिंग चार्ज, छोट्या ऑर्डरचा चार्ज, आणि तो टाळायला म्हणून घेतलेली नको ती वस्तू, हे सगळं मिळून ३० रुपयांचा ब्रेड १४० ला पडतो.

आता डाळीचं. हे मला जरा सविस्तर लिहायचंय कारण इथे मी खर्च कमी केला नाही, वाढवला. राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ मध्ये आहाराच्या नव्या सूचना काढल्या त्यात एका माणसाच्या दिवसाच्या ताटाचा हिशोब दिलाय, धान्य २५० ग्रॅम आणि डाळ-कडधान्य-अंडी-मांस मिळून ८५ ग्रॅम. मी गुणाकार केला, पाच माणसं, तीस दिवस, पावणेतेरा किलो. आमच्या घरी महिन्याला डाळ-कडधान्य यायचं साडेचार किलो! अंडी-मासे धरले तरी कमीच. आणि तांदूळ-गहू मात्र भरपूर. म्हणजे २४ हजार खर्चून आमची मुलं भात आणि पोळीवर आणि पातळ वरणावर वाढत होती आणि वरून चिप्स.

मग शंभर रुपयांत किती प्रोटीन येतं ते काढलं. आमच्या इथल्या भावाने, मटकी १२० रुपये किलो धरली तर शंभर रुपयांत साधारण १९० ग्रॅम. शेंगदाणे १५० ने धरले तर १६५ च्या आसपास. अंडं ७ रुपयांना धरलं तर चौदा अंडी, म्हणजे ८४ ग्रॅम. आणि पनीर ४२० रुपये किलो, शंभर रुपयांत जेमतेम ४३ ग्रॅम. आम्ही आठवड्यातून दोनदा पनीर आणायचो, मुलांना प्रोटीन मिळावं म्हणून! आता महिन्यातून एकदा आणतो, वाढदिवस वगैरे असला की. अर्थात अंड्याचं प्रोटीन अंगी जास्त लागतं हे खरं आहे, आणि डाळीत जे कमी असतं ते भातात-भाकरीत असतं, म्हणून दोन्ही एकत्र खायचं, जे आपण पिढ्यान्‌पिढ्या खातोच आहोत, आमटी-भात, पिठलं-भाकरी, उसळ-पोळी.

कडधान्याचं वेळापत्रक केलंय. रविवारी रात्री मटकी भिजत, सोमवारी सकाळी उपसून फडक्यात घट्ट बांधून चाळणीत, मंगळवारी सकाळी फडकं उघडलं की मोड कापडातून बाहेर आलेले असतात, टोकं थोडी ओलसर, त्याचा एक कच्चा गोडसर वास येतो, मुलीला तो फार आवडतो, ती मूठभर तशीच खाते लिंबू पिळून. पाव किलो मटकीची मोड आल्यावर अर्धा किलोच्या वर होते, दोन जेवणं निघतात. मग चवळी, मग हिरवे मूग, मग मसूर. तूर डाळ महाग झाली तेव्हापासून रोजच्या वरणात अर्धी तूर अर्धी मसूर घालते, चवीत फरक पडला पण वाईट नाही. कुळथाची पिठी तर आमच्याकडे हक्काची, कणकवलीहून येते, दहा मिनिटांत पिठी-भात. आणि वालाचं बिरडं महिन्यातून एकदा, भिजवलेले, मोड आलेले वाल सोलायला आम्ही चौघं जणं बसतो, अंगठ्याने दाबलं की टपकन दाणा बाहेर येतो, सालं एका ताटात दाणे दुसऱ्या, आणि त्या तासाभरात मुलगा शाळेतल्या ज्या गोष्टी सांगतो त्या एरवी विचारूनही सांगत नाही.

भाजीचं सांगायचं तर मी आता आठवड्यातून एकदाच, बुधवारी, दादरला उतरते. स्टेशनच्या पश्चिमेला बाहेर पडलं की जो भाजीबाजार आहे तिथे. सकाळी लवकर गेलं तर माल ताजा आणि भाव चांगला, पण मला सकाळी जमत नाही, म्हणून मी रात्री आठनंतर जाते जेव्हा पालेभाजीवाल्या बायकांना घरी जायची घाई असते. मेथीची जुडी जी संध्याकाळी तीसला असते ती तेव्हा "घे ताई, तीन पन्नासला" होते. दोन-चार पानं पिवळी असतात, ती काढायची. भांडुपला येणाऱ्या स्लो ट्रेनमध्ये बसायला मिळालं तर लेडीज डब्यातच पेपर पसरून निवडून टाकते, आजूबाजूच्या दोन-तीन जणीही तेच करत असतात, कोणी गवार मोडतंय, कोणी लसूण सोलतंय, आणि कोणाकडे कुठली भाजी कितीला मिळाली याची अख्खी माहिती तिथे मिळते. घरी पोचेपर्यंत पिशवीत निवडलेली भाजी. हे काम घरी करायला लागलं असतं तर ती मेथी फ्रीजमध्ये सडली असती, माझी आधीची कितीतरी मेथी अशीच गेलीय.

बाकी भाज्यांचा नियम एकच, ज्याचा ढीग दिसतो ते घ्यायचं. थंडीत मटार, गाजर, फ्लॉवर, पालक. डिसेंबर-जानेवारीत मटार उतरला की पाच किलो सोलून फ्रीजरमध्ये. उन्हाळ्यात दुधी, काकडी, भोपळा. पावसाळ्यात पालेभाजी महागते, चिखलही फार असतो, मग आम्ही भाजी कमी आणि कडधान्यं जास्त करतो, कोकणात आधीपासून तसंच आहे. टाकळा, फोडशी, कुर्डू अशा रानभाज्या घेऊन आदिवासी बायका स्टेशनबाहेर बसतात त्यांच्याकडून मात्र नक्की घेते, त्या दोन-चार आठवड्यांत. शेवळं स्वस्त नसतात आणि निगुतीने केली नाहीत तर घशाला खाज सुटते, पण सासूबाईंसाठी वर्षातून एकदा आणतेच. आणि टोमॅटो. २०२३ च्या जुलैत किलोला शंभराच्या वर गेले होते तेव्हा सासूबाईंनी सगळ्या आमट्या आमसुलावर आणि चिंचेवर केल्या, कोणाला फरकही कळला नाही, तेव्हापासून आमच्याकडे टोमॅटो फक्त कोशिंबिरीला.

मासे सोडायचा प्रश्नच नव्हता. पण सुरमई आणि पापलेट म्हणजेच मासे हे डोक्यातून काढलं. मांदेली, बांगडा, ओले बोंबील, याचे वाटे घ्यायचे. मांदेली कुरकुरीत तळली की काट्यासकट खाल्ली जाते, म्हणजे मुलांना कॅल्शियमही मिळतं. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते, त्या दिवसांत जे मासे मिळतात ते महाग आणि बर्फातले, म्हणून मे महिन्यातच सुके बोंबील, सुकट आणि थोडे सोडे, म्हणजे सुकवलेली कोळंबी, घेऊन ठेवतो. सुकट कांद्यावर परतून, वर आमसूल, तांदळाची भाकरी. पावसात यापुढे काही नाही. आणि सोडे महाग असले तरी मूठभर सोडे वांग्या-बटाट्यात घातले की अख्ख्या भांड्याला चव येते.

एक चूक झाली तीही लिहिते, कोणाची तरी वाचेल. सुरुवातीच्या उत्साहात जूनमध्ये एका मॉलमध्ये ऑफर होती म्हणून दहा किलो तूर डाळ आणि पंधरा किलो तांदूळ एकदम आणले. ऑगस्टच्या मध्यात डबा उघडला तर तांदळात जाळी आणि डाळीत किडे. सहा किलो डाळ निवडून, उन्हाची वाट बघत बसलो, ऊन आलंच नाही, शेवटी अर्धी टाकून द्यावी लागली. मी त्या रात्री जेवले नाही. मुंबईच्या दमट हवेत आणि आमच्या साडेतीनशे फुटांच्या घरात पावसाळ्याच्या तोंडावर साठवण करायची नाही. भरायचंच तर मे मध्ये, गच्चीवर दोन कडक उन्हं देऊन, डाळीला एरंडेलाचा हात लावून, डबे कोरडे करून. जून ते सप्टेंबर महिन्याचं महिन्याला. आणि सुटा माल घ्यायचा, आमच्या वाण्याकडे चांगला असतो, वास घेऊन, हातात घेऊन बघता येतो. १८ जुलै २०२२ पासून पंचवीस किलोपर्यंतच्या पॅकबंद, लेबल लावलेल्या डाळ-तांदूळ-पिठावर ५ टक्के जीएसटी लागू झाला, सुट्यावर तो नाही.

वर्षाची साठवण करण्यासारखी एकच गोष्ट, ती म्हणजे मसाला. एप्रिलमध्ये मी आणि सासूबाई लालबागला मिरची गल्लीत जातो. बेडगी रंगाला, संकेश्वरी तिखटाला, मग धणे, खडा मसाला, सगळं तिथेच निवडायचं, डंकावर कुटून घ्यायचं. त्या गल्लीत उभं राहिलं की डोळ्यांतून पाणी, सतत शिंका, पण घरी आल्यावर बरणी उघडली की जो वास येतो! एकदम पैसे जातात खरे, पण वर्षभर एकही मसाल्याचं पाकीट घरात येत नाही, ना पावभाजीचं ना चिकनचं. आणि घरचा मसाला चांगला असला की साधी बटाट्याची रस्साभाजीसुद्धा मुलं मागून घेतात, बाहेरचं खावंसं वाटण्याचं अर्धं कारण तर घरच्या जेवणाला चव नसणं हेच असतं.

टाकून देणं जवळजवळ बंद झालंय. फ्लॉवरचे कोवळे दांडे बारीक चिरून परततो, मुळ्याचा पाला डाळ घालून, दोडक्याच्या शिरांची तीळ-खोबरं घालून चटणी, कोथिंबिरीच्या काड्या वाटणात. शिळ्या पोळ्यांचा कुस्करा, उरलेल्या भाताला फोडणी, उरलेली आमटी थालीपिठाच्या पिठात. साय साठवून आठवड्याला तूप होतं, आणि कढवल्यावर खाली जी बेरी राहते ती साखर घालून खायला मुलांची भांडणं होतात, ती मी मुद्दाम मिटवत नाही, दोघांना एकाच वाटीत देते.

आता आकडे. गेल्या महिन्याची बेरीज १७,७०० आली. वाणसामान ६,८०० म्हणजे फारसं कमी नाही, कारण डाळ-कडधान्य आता आठ किलो येतं. दूध ३,६००. भाजी-फळं ३,७००. मासे-अंडी २,४००. आणि ते मधलं खाणं ५,२०० वरून १,२०० वर. सगळा मिळून साडेसहा हजारांचा फरक, आणि ताटात आधीपेक्षा जास्त आहे. मुलीचा डबा आता रिकामा येतो.

या महिन्यात मात्र बेरीज वर जाणार, कारण परवा आम्ही हापूसची पेटी आणली. मी डझनभरच घेऊ म्हणत होते, नवरा म्हणाला, अगं वर्षभर केलंस ना, पेटी घे. सासूबाईंनी स्वतः प्रत्येक आंबा देठापाशी हुंगून बघितला, दोन परत दिले. आता पलंगाखाली पेंढ्यात लावून ठेवलेत, रोज रात्री त्या वाकून बघतात कुठला तयार झालाय, गुडघे दुखत असले तरी.